वाऱ्याचा हिशेब आणि सायकलीची किंमत

सायकल हे आपल्याकडे गरिबाचे वाहन समजले जाते, आणि गरिबाच्या वाहनात शास्त्र ते काय असणार, अशीही एक समजूत त्याच्या जोडीने वावरत असते. दूधवाल्याच्या किटल्या वाहणारी, पोस्टमनच्या थैलीचा भार सोसणारी, कॅरियरवर गवताचा भारा घेऊन बांधावरून येणारी ही सायकल विमानांच्या आराखड्यांशी काही नाते सांगत असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, या साध्या वाहनाच्या एका जातीवर गेल्या चाळीस वर्षांत जी बुद्धी, जो पैसा आणि जे गणित खर्च झाले आहे, ते पाहून विमानशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही थक्क व्हावे. ही जात म्हणजे 'टाइम ट्रायल'च्या शर्यतीची सायकल.

टाइम ट्रायल म्हणजे घड्याळाशी शर्यत. नेहमीच्या रस्त्यावरील शर्यतीत स्पर्धक झुंडीने धावतात. पुढच्याच्या आडोशाला राहून मागच्याने आपली ताकद राखून ठेवावी आणि शेवटी मुसंडी मारावी, हा तेथला डावपेच. मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातील 'घाटाचा राजा' हा किताब यांमुळे मराठी वाचकाला या प्रकाराचा परिचय आहे. टाइम ट्रायलमध्ये मात्र स्पर्धक ठरावीक अंतराने एकेकटे सोडले जातात. तेथे कोणाचा आडोसा घेता येत नाही, कोणाला अडवताही येत नाही. समोर मोकळा रस्ता आणि मोकळा वारा. निवाडा करायला घड्याळ. म्हणूनच सायकलशर्यतीत यास सत्याची शर्यत म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ती खरोखर कितपत सत्याची आहे, हाच या लेखाचा विषय आहे.

पूर्णेचे पाणी, माळावरचा वारा

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली पूर्ण झालेल्या या धरणावर साडेबावीस मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. वाहत्या पाण्यात किती जोर असतो, हे येलदरीच्या परिसरातील शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. नदीवरील पुलाच्या खांबाचे तोंड चौकोनी न ठेवता निमुळते किंवा गोलसर का ठेवतात, हेही त्याला पाण्याकडे पाहून उमगते. चौकोनी खांबावर पाणी आदळते, फुटते आणि खांबामागे भोवरे धरते; निमुळत्या खांबाला ते बगल देऊन निघून जाते.

वारा हाही एक प्रवाहच आहे. डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक. सायकलस्वार हा या प्रवाहात चालता-बोलता उभा असलेला खांब होय. समोरून येणारी हवा त्याच्या छातीवर आदळते, खांद्यांवरून फुटते आणि पाठीमागे भोवरे करते. पुढे दाब अधिक आणि मागे कमी, अशी स्थिती झाली की स्वार जणू मागे खेचला जातो. त्यामुळे केवळ पुढची बाजू निमुळती करून भागत नाही. मागची बाजू कशी सावरली जाते, यावर अधिक अवलंबून असते. मासा पुढे गोलसर आणि शेपटीकडे निमुळता असतो, तो निसर्गाने उगाच तसा घडविलेला नाही.

या रोधाचे गणित साधे आहे आणि तितकेच निष्ठुरही आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रोध चौपट होतो. आणि तो रोध दुप्पट वेगाने सारायचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. ताठ बसून साधी सायकल चालविणाऱ्याच्या अंगाचा वाऱ्याला होणारा अडथळा, आकाराचा दोष जमेस धरून, साधारण अर्ध्या चौरस मीटरचा मानता येईल. ताशी २० किलोमीटर वेगाला केवळ वारा कापण्यासाठी त्याला सुमारे ५० वॉट शक्ती पुरते. तोच मनुष्य ताशी ४० किलोमीटरने जाऊ म्हणेल, तर त्याला ४०० वॉटच्या वर शक्ती हवी. एवढी शक्ती तासभर टिकविणे जगातल्या मोजक्या खेळाडूंनाच साधते. पण तोच स्वार वाकलेल्या हँडलाच्या रेसिंग सायकलवर ओणवा झाला, तर हा अडथळा एक-तृतीयांश चौरस मीटरच्याही खाली येतो आणि त्याच वेगाला सुमारे २६० वॉट पुरतात. टाइम ट्रायलची पूर्ण मोड जमली की १८० वॉटच्या आसपास भागते. वारा तोच, रस्ता तोच, मनुष्यही तोच. अर्ध्याहून अधिक ओझे केवळ आकाराने उतरले.

हे गणित शर्यतीपुरतेच आहे, असेही नव्हे. ताशी १५ किलोमीटरने शाळेला निघालेल्या मुलीला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर वाऱ्यापोटी तिला चौपट कष्ट पडतात. मराठवाड्याच्या उघड्या माळावर सायकल चालविणाऱ्या कोणालाही हे पायांनी ठाऊक असते; पुस्तकात मात्र ते क्वचितच सापडते.

यंत्राची ठेवण

आता नव्या टाइम ट्रायल सायकलीकडे पाहावे. तिच्या सांगाड्याच्या नळ्या गोल नसतात. विमानाच्या पंखाच्या छेदासारख्या पुढे गोलसर आणि मागे निमुळत्या असतात. पुष्कळदा ही निमुळती शेपूट मध्येच कापलेली दिसते. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने १९३० च्या दशकात मोटारींच्या बाबतीत दाखवून दिले होते की, शेपूट योग्य ठिकाणी सपाट कापली तरी प्रवाह फारसा बिघडत नाही. तोच धडा येथे उपयोगी पडला, कारण त्यामुळे नळी आखूड राहते, वजन वाचते आणि बाजूच्या वाऱ्याला धरायला पृष्ठभाग कमी मिळतो.

मागचे चाक आऱ्यांचे नसून भरीव तबकडीसारखे असते. फिरणारा प्रत्येक आरा हवा घुसळीत असतो. तबकडीने ती घुसळण थांबते. मग पुढचे चाकही तसेच का करू नये? कारण पुढच्या चाकाने दिशा धरायची असते. आडव्या वाऱ्याने तबकडी शिडासारखी फुगली की हँडल हातात राहत नाही. म्हणून उघड्या रस्त्यावर पुढे खोल रिमचे किंवा तीन-चार रुंद पात्यांचे चाक वापरतात. ब्रेकच्या तारा सांगाड्याच्या पोटातून नेलेल्या असतात, कारण बारीक गोल तारसुद्धा आपल्या जाडीच्या मानाने वाऱ्याला फार अडविते. हँडलावर कोपरे टेकायला गाद्या आणि पुढे धरायला दोन दांड्या असतात. त्यामुळे हात एकमेकांजवळ येतात, पाठ जमिनीला समांतर होते आणि छातीचा रुंद पडदा झाकला जातो. डोक्यावरचे शिरस्त्राण मागे पाठीशी जुळते आणि अंगातले कपडे कातडीसारखे चिकटून बसतात.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा समाचार घ्यायला हवा. हलकी सायकल म्हणजे वेगवान सायकल, असे दुकानदारही सांगतात आणि गिऱ्हाईकही मानते. चढावर ते खरे आहे. सपाट रस्त्यावर एकदा वेग धरल्यावर मात्र वजनाचा प्रश्न गौण ठरतो आणि आकाराचा प्रश्न मुख्य होतो. तबकडीचे चाक आऱ्यांच्या हलक्या चाकाहून जड असूनही सपाटीवर सरस ठरते, ते याच कारणाने.

परंतु या सर्व वर्णनात एक गोष्ट विसरता कामा नये. वाऱ्याच्या एकूण रोधापैकी साधारण तीन-चतुर्थांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो. सायकलीच्या वाट्याला उरतो तो एक-चतुर्थांश. लाखो रुपयांचे संशोधन या चौथ्या हिश्श्यातला काही भाग कमी करण्यासाठी चाललेले आहे. मोठा वाटा शरीराच्या ठेवणीचा आहे आणि त्या ठेवणीला दुकानात किंमत नाही.

विजय कोणाचा?

शर्यत माणसाने जिंकली की यंत्राने, हा वाद नवा नाही. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीवर तासाभराच्या अंतराचा विक्रम मोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुढच्याच वर्षी ती सायकल नियमाबाहेर काढली. १९८४ साली फ्रान्सेस्को मोझर याने मेक्सिको शहराच्या उंचावरील विरळ हवेत, तबकडीच्या चाकांच्या साहाय्याने एका तासात ५१.१५१ किलोमीटर कापले आणि एडी मर्क्स याचा १९७२ चा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. १९८९ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमंड हा लॉरां फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. व्हर्साय ते पॅरिस या साडेचोवीस किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्याने ५८ सेकंद कमावले आणि तीन आठवड्यांची शर्यत आठ सेकंदांनी जिंकली. त्याच्या हँडलावर कोपरे टेकण्याच्या त्या दांड्या होत्या. बर्फावरून घसरणारा खेळाडू उतारावर अंग कसे आवळतो, हे पाहिलेल्या एका प्रशिक्षकाच्या डोक्यातून त्या निघाल्या होत्या. फिन्याँकडे दोन्ही चाके तबकडीची होती, पण हँडल जुन्याच पद्धतीचे होते आणि डोके उघडे होते. आठ सेकंदांचा हा धडा सायकलजगताने पुन्हा कधी विसरला नाही.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची कथा तर आपल्या खेड्यापाड्यांतील कारागिराला आपलीच वाटावी अशी आहे. त्याच्यामागे मोठी कंपनी नव्हती. स्वतः जुळविलेल्या सायकलीत त्याने कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसविले आणि हात छातीखाली दुमडून बसण्याची एक विचित्र मोड शोधली. १९९३ साली नॉर्वेतील हामार येथे त्याने ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. त्याने जिंकले ते शरीराच्या ठेवणीने. नियामकांनी पुढे त्या ठेवणीवरच बंदी घातली.

सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनचे आहे. १९९६ साली हात पुढे ताणून, अद्ययावत सायकलीवर त्याने एका तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. यंत्राचे पारडे फार जड झाले असे वाटून आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० साली ठरविले की, तासाचा विक्रम मर्क्सच्या काळासारख्या साध्या सायकलीवरच व्हावा. त्याच वर्षी बोर्डमन साध्या सायकलीवर बसला आणि त्याचे अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर, म्हणजे मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर अधिक. मधल्या चार वर्षांत त्याचे वय वाढले होते, हे मान्य केले तरी सुमारे सात किलोमीटरची ही तफावत वयाची नव्हे. ती ठेवणीची आणि यंत्राची आहे.

साध्या सायकलीचा तो नियम पुढे टिकला नाही. विक्रमातील लोकांचे स्वारस्य ओसरले आणि २०१४ साली संघटनेने आधुनिक सायकलींना पुन्हा मुभा दिली. २०२२ साली फिलिप्पो गान्ना याने त्रिमितीय छपाईच्या तंत्राने घडविलेल्या धातूच्या सांगाड्यावर ५६.७९२ किलोमीटर कापले. जगाच्या अग्रभागी यंत्र आणि माणूस यांची जोडी फोडता येत नाही, आणि फोडूही नये. तेथे संशोधन हाच खेळाचा अर्धा आनंद आहे. प्रश्न अग्रभागाचा नाही, आरंभाचा आहे.

आपला प्रश्न

महाराष्ट्राला सायकलीची गुणवत्ता नवी नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,९०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत म्हणजे एक अजस्र टाइम ट्रायलच आहे. तेथेही दुसऱ्याच्या आडोशाने चालण्यास मनाई असते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती जोडीने पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे, संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय पातळीवर पदके मिळविली आहेत. लहान गावांतून आणि मध्यम शहरांतून हे पाय येतात, यात शंका नाही.

मग येलदरीच्या परिसरातून असे पाय का येऊ नयेत? समजा, धरणाजवळच्या एखाद्या वस्तीतील मुलगी जिल्ह्याची टाइम ट्रायल द्यायला आली. तिच्याजवळ मडगार्ड काढलेली साधी सायकल आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीजवळ काही लाखांची. दोघींची फुप्फुसे आणि मांड्या सारख्याच असल्या, तरी वीस किलोमीटरमध्ये दुसरी कित्येक मिनिटे पुढे जाईल. निकालपत्रकात वेळ लिहिली जाते, सायकलीची किंमत लिहिली जात नाही. निवड समितीसमोर जो कागद जातो, त्यावर पहिली मुलगी मंद ठरते आणि दुसरी वेगवान. ज्या शर्यतीला सत्याची म्हणायचे, तिने येथे चक्क खोटी साक्ष दिलेली असते. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला काही लाखांची सायकल घेणे म्हणजे बैलजोडीसह शेताचा तुकडा विकण्यासारखे आहे. ते कोणी करू नये आणि कोणी करावे अशी अपेक्षाही ठेवू नये.

यावर उपाय आहेत, आणि त्यांतले पहिले दोन जवळजवळ फुकट आहेत.

पहिला उपाय नियमाचा. शालेय, जिल्हा आणि विभाग पातळीवरील टाइम ट्रायलमध्ये साध्या सायकलींचा स्वतंत्र गट असावा. टेकणीच्या दांड्या नाहीत, तबकडीची चाके नाहीत, खोल रिम नाहीत. आणि राज्याच्या प्रशिक्षणासाठी निवड करताना या गटातील वेळेला तितकेच वजन असावे. २००० साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमका हाच मार्ग चोखाळला होता. जागतिक विक्रमासाठी तो टिकला नाही हे खरे. पण तेथे हेतू लोकांचे डोळे दिपविण्याचा असतो, आणि येथे हेतू पाय पारखण्याचा आहे. हेतू बदलला की नियम बदलायला हरकत नसावी.

दुसरा उपाय शिक्षकांच्या हातचा आहे. शरीराच्या ठेवणीचे शास्त्र शिकवायला विंड टनेल लागत नाही. एक मध्यम उतार, एक स्टॉपवॉच आणि एक वही पुरते. वाऱ्याविना असलेल्या सकाळी, वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर, डोक्यावर हेल्मेट घालून एकाच विद्यार्थ्याने एकाच सायकलीवर, टायरमधील हवा तीच ठेवून, पायडल न मारता ठरलेल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत यावे. एकदा ताठ बसून, एकदा कोपरे वाकवून, एकदा पाठ सपाट आणि कोपरे आत घेऊन. प्रत्येक प्रकार पाच-पाच वेळा करून सरासरी काढावी. विद्यार्थी तोच ठेवायचा, कारण जड स्वार उतारावर लवकर येतो आणि हिशेब चुकतो. या एका प्रयोगात भौतिकशास्त्राचा तास होतो, आलेखाचा होतो आणि शारीरिक शिक्षणाचाही होतो. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. त्या केवळ अंतर कापण्याची साधने न राहता प्रयोगशाळेची उपकरणेही ठरू शकतात.

तिसरा उपाय खर्चाचा आहे, पण तो खर्च सामायिक आहे. टाइम ट्रायल सायकल प्रत्येक खेळाडूच्या मालकीची असण्याचे कारण नाही. वाचनालयात जसे महागडे कोश असतात, तसा प्रत्येक विभागीय क्रीडा संकुलात वेगवेगळ्या मापांच्या अशा सायकलींचा एक संच असावा आणि साध्या गटातून निवडलेल्या मुलामुलींना तो सरावासाठी मिळावा. निवड पायांवरून करायची आणि सायकल नंतर द्यायची, हा क्रम मात्र उलटू देऊ नये. कानपूरच्या आयआयटीत राष्ट्रीय विंड टनेल आहे आणि आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयेही पुष्कळ आहेत. आपल्या खेळाडूची ठेवण मोजून देणे हे त्यांना जड जाऊ नये.

एक आक्षेप येईल, तो असा की, साध्या सायकलींचा गट केल्याने ग्रामीण मुले साध्यावरच अडकून पडतील आणि शहरी मुले पुढे जातील. हा आक्षेप टाकाऊ नाही. म्हणूनच पहिला उपाय तिसऱ्यावाचून अपुरा आहे. वेगळा गट ही गरिबांसाठी बाजूला मांडलेली पंगत होता कामा नये. ते मुख्य पंगतीचे दार असले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, जेथे रस्त्यांवर खड्डे आहेत आणि शाळांत शिक्षक अपुरे आहेत, तेथे वाऱ्याच्या गोष्टी कशाला? याला उत्तर एवढेच की, रस्ता आणि शिक्षक मागण्याचा हक्क वाऱ्याचे शास्त्र शिकल्याने कमी होत नाही. उलट ज्या मुलाने उतारावर स्वतः मोजून पाहिले आहे, तो पुढे कोणाच्याही सांगण्यावर सहसा विसंबत नाही.

जिल्हा पातळीवरील पुढच्या टाइम ट्रायलची नियमपत्रिका ज्यांच्या टेबलावर तयार होईल, त्यांनी तीत दोन रकाने वाढवावेत: एक साध्या गटाचा आणि दुसरा प्रत्येक वेळेपुढे सायकलीचा प्रकार नोंदविण्याचा. या कामास शाईखेरीज कसलाही खर्च नाही. येलदरीच्या माळावरून येणाऱ्या मुलीला वाऱ्याशी झुंजायचेच आहे आणि ती झुंजेलही. तिच्या झुंजीची नोंद खरी व्हावी, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.